रोज एक पत्रा

“कुठवर आलं?” असं विचारत बाई माझ्या उजव्या हातावर टिचक्या मारायच्या. मनगटापासून सुरुवात, मग वर, कोपराकडे. टक, टक, टक. मधेच एका जागी माझ्या करंगळीत मुंग्या धावायच्या. मी ओरडायचो, “इथं!” की बाई कोटाच्या खिशातलं निळं बॉलपेन काढून त्या जागेवर ठिपका द्यायच्या, कोपराच्या हाडापासून टेपने माप घ्यायच्या, वहीत लिहायच्या आणि म्हणायच्या, “छान. घाई नको, खाडा नको.”

तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? पहिल्या दिवशी मलाही वाटलं, ही बाई डॉक्टरीण आहे की कलिंगड घ्यायला आलेली गिऱ्हाईक.

तिकडे अमिरातीत, रोल्ला नावाच्या बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक छोटं क्लिनिक होतं. तिथे त्या फिजिओथेरपीचं काम करायच्या. मूळच्या सांगलीकडच्या. उंचीला बेताच्या, पायात पळायचे बूट, पांढऱ्या कोटाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग. उजव्या हातात एक सोन्याची बांगडी आणि तिला खेटून एक हिरवी काचेची. हात हलला की दोघी किणकिणायच्या. या बांगड्यांकडे लक्ष ठेवा. त्यांनी माझा घात केला. खरं सांगायचं तर घात मीच केला, त्या बिचाऱ्या नुसत्या वाजल्या.

सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मीही आधी मॅडमच म्हणायचो. पण शाळेतल्या बाईंनी ऐकवली नव्हती तेवढी बोलणी या मॅडमकडून ऐकल्यावर तोंडात आपोआप ‘बाई’ आलं. शाळेतल्या बाईंना तेवढी संधीच मिळाली नाही म्हणा. मी चौथीनंतर शाळेला तोंड दाखवलं नाही.

आता हाताचं सांगतो. एकतीस वर्षं मी अमिरातीत पत्रा वाकवला. एसीची थंड हवा ज्या पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते ते डक्ट मी बनवायचो. हमरिया फ्री झोनच्या शेडमध्ये मी फोरमन. राहायला अजमानला, कंपनीच्या खोलीत. नवा माणूस आला की त्याला मी पहिल्या दिवशी हातमोजे घालायला लावायचो, आणि स्वतः कधी घालायचो नाही. “पत्रा मला ओळखतो,” असं म्हणायचो. एका सकाळी पत्र्याने ओळख दाखवली नाही. थप्पीवरचा वरचा पत्रा घसरला, मी झेलायला गेलो, आणि कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मधे, आतल्या बाजूने, हात उघडला.

डॉक्टरांनी टाके घातले, आतली नस जोडली, तीन आठवडे हात बांधून ठेवला. सोडला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मांजराच्या नखीसारखी वाकलेली. त्यांना टाचणी टोचली तरी पत्ता नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे हाताच्या पाठीवर जो मांसाचा उंचवटा असतो, तिथे पुढे खड्डा पडत गेला. हातोडी धरली की गळायची. कातर तर उचलवतच नव्हती.

ऑफिसातल्या साहेबाने सरळ सांगितलं, “चाचा, फिट का पेपर लाओ, नहीं तो व्हिसा कॅन्सल.” वय झालेलं होतंच. मला ठेवला होता तो माझ्या हातासाठी. आणि मला घरी जायचं नव्हतं असं नाही. पण ज्या हातावर एकतीस वर्षं मिजास केली तो लुळा हात खिशात लपवून गावच्या एसटीतून उतरायचं नव्हतं. बायकोला तर मी फोनवर “थोडं खरचटलंय” एवढंच सांगितलं होतं.

तर पहिल्या दिवशी मी बाईंना विचारलं, “डॉक्टरांनी नस जोडली ना?”

“जोडली, काका.”

“मग बोट का हलत नाही? वायर जोडली की दिवा लागतो.”

“नस वायर असती तर लागला असता. ही जिवंत असते,” बाई म्हणाल्या, आणि माझ्या हातावरच बॉलपेनने चित्र काढायला लागल्या. “हे बघा. जिथं तुटलं तिथून पुढचा धागा मरून जातो. उरते रिकामी नळी.”

“म्हणजे डक्ट.”

“चालेल, डक्ट. मागच्या टोकाला नवा कोंब फुटतो आणि या डक्टमधून पुढे सरकतो. डक्टच्या आत ज्या पेशी असतात त्या त्याला वाटेत खाऊ घालतात, वाट दाखवतात. आणि पार इकडे टोकाला स्नायू बसलेला असतो. तोही खुणेचं काहीबाही सोडत असतो, मी इथं आहे, ये म्हणून.”

मला वाटलं, समजलं. मी म्हणालो, “काकडीचा वेल आणि मांडव.”

“अगदी बरोबर!”

“बरोबर कसं?” मला कोणी लगेच बरोबर म्हटलं की संशय येतो. “मांडव काय वेलाला खायला घालतो?”

बाई थांबल्या. पेन दातात धरलं. मग हसल्या. “नाही घालत. पण हा मांडव घालतो, काका. आणि वेल पोचला की वेल मांडवाला खायला घालतो. वेल आलाच नाही तर मांडव वाळत जातो. हा खड्डा पडतोय ना तुमच्या हाताला, तो त्यामुळं. आणि मांडवाकडून काही मिळालं नाही तर आलेला वेलही सुकतो. दोघं एकमेकांवर जगतात.”

“असला मांडव मी बघितला नाही.”

“तुमच्याच हातात आहे.”

“आणि हा वेल किती पळतो?”

“रोज साधारण एक मिलिमीटर. तुमच्या वयाला थोडं कमीच धरा.”

वय काढल्याचा राग आला, पण एक मिलिमीटर म्हटल्यावर मी ताठ बसलो. ते मला कोणी शिकवायला नको. एक मिलिमीटर म्हणजे वीस गेजचा पत्रा. रोज एक पत्रा! शेडमध्ये मी दिवसाला शंभर कापायचो, आणि माझ्याच हाताच्या आतला कारागीर दिवसाकाठी एक घालतो. त्याला मी पहिल्या दिवशीच कामावरून काढला असता.

खोलीवर आल्यावर मी एक धंदा सुरू केला. शेडमधून वीस गेजच्या पत्र्याचा उरलेला तुकडा आणला, आणि डाव्या हाताने कातर धरून रोज सकाळी एक रुपयाएवढी चकती कापायची, मधे भोक पाडायचं आणि एका लांब बोल्टात ओवायची. बोल्ट खिडकीत उभा. रोज एक चकती. खोलीतले बाकीचे म्हणायचे, “चाचा का मीटर देखो.” डाव्या हाताच्या पहिल्या चकत्या अशा निघाल्या की उंदराने कुरतडल्यासारख्या. त्या मी तशाच ठेवल्या. ठेवल्या म्हणजे काय, दुसऱ्या कापायचा दम नव्हता.

पहिले दोन महिने ठिपका हलला, पण माझ्या मनासारखा नाही. मी आंघोळीला हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून तो ठिपका जपायचो. एका आठवड्यात मला वाटलं, एवढा व्यायाम केला, तांदळाच्या परातीत हात घालून तासन्‌तास बसलो, बाईंना बरं वाटेल असं काहीतरी दिसायला पाहिजे. मी जुना ठिपका साबणाने पुसला आणि दीड इंच पुढे नवा काढला. पेनही तसलंच निळं आणलं होतं. टिचक्या मारल्या तेव्हा मीही त्याच जागी “इथं!” म्हणून ओरडलो.

बाईंनी टेप लावला. वही बघितली. परत टेप लावला.

“काका, नस एका आठवड्यात दीड इंच पळाली. कुत्रं मागं लागलं होतं का?”

मी म्हणालो, “आमचं कोकणातलं रक्त आहे बाई. उताराला लागलं की थांबत नाही.”

त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेली दोन माणसं डोकावून गेली. मग त्यांनी माझा ठिपका पुसला, परत टिचक्या मारल्या, आणि खऱ्या जागी ठिपका दिला. “घाई नको,” एवढंच म्हणाल्या. हसून सोडलं ते सोडलं. तिथे चार शिव्या घातल्या असत्या तर पुढचं टळलं असतं. पण नाही टळलं, कारण मी शिव्यांनी सुधारणारा माणूस नाही. हसण्याने तर नाहीच.

साहेबाने पेपरसाठी तगादा लावला. बाई रिपोर्ट देणार, त्यावर डॉक्टर सही करणार. आणि रिपोर्टासाठी एक परीक्षा होती. डोळे मिटून बसायचं, बाई नायलॉनचा बारीक दोरा हाताला टेकवणार, कळलं की “हो” म्हणायचं. एवढंच. चौथीपर्यंत गेलेल्या माणसाला जमेल अशी परीक्षा.

मी डोळे मिटले. घट्ट मिटले, अजून सांगतो. पापणीच्या फटीतून बघणं हे माझ्या स्वभावात बसत नाही. पण कान कोण मिटणार? बाईंनी हात उचलला की बांगड्या किण वाजायच्या, आणि एक श्वास घेईपर्यंत दोरा टेकलेला असायचा. किण, हो. किण, हो. हात बाजूला नेताना वेगळं वाजायचं, किणकिण, तेव्हा गप्प बसायचं. एकतीस वर्षं पत्र्याच्या आवाजावरून पत्रा किती गेजचा ते सांगत आलेला माणूस मी, मला दोन बांगड्या काय जड?

बाई चाचरल्या. “ठिपका तर अजून मनगटाशी आहे. आणि तुम्हाला तळहाताच्या कडेला कळतंय?”

“कळतंय तर. तुम्हीच बघितलंत.”

“कधीकधी शेजारची नस थोडा भाग सांभाळते,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड असं केलं होतं की देवळातला पुजारीसुद्धा एवढा प्रामाणिक दिसत नसेल. बाईंनी लिहिलं: स्पर्श कळतो. फक्त हलकं काम, असंही लिहिलं. डॉक्टरांनी सही केली. मी हमरियाला हजर.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये दोन नव्या माणसांना मी शिकवत होतो, वेल्डिंग झालेल्या लोखंडाजवळ हात कुठे ठेवायचा नाही. चांगला लांबलचक शिकवत होतो. शिकवता शिकवता माझा उजवा हात मी एका फ्रेमवर टेकला. फ्रेम नुकतीच वेल्ड झालेली. पठाण वेल्डर पलीकडून ओरडला, “चाचा! हाथ उठाओ! जल रहा है!” मी म्हणालो, “क्या जल रहा है?” मग वास आला. तळहाताची कड आणि करंगळी. मला मुंगी चावल्याएवढंही कळलं नव्हतं. त्या दोन माणसांना मात्र धडा असा कळला की जन्मात विसरणार नाहीत. माझ्या सगळ्या शिकवण्यांत एवढी परिणामकारक शिकवण दुसरी झाली नाही.

पट्टी बांधलेला हात घेऊन मी रोल्लाचे जिने चढलो. मनात सगळी उत्तरं तयार. फ्रेमचा दोष, पठाणाचा दोष, शेडमधल्या उजेडाचा दोष. बाईंनी काहीच विचारलं नाही. पट्टी सोडली, बघितलं, परत बांधली. मग त्यांनी आपली उजवी मूठ उचलून हवेत एकदा हलवली. किण. आणि माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “या बांगड्या काढून ठेवायला हव्या होत्या. मनात आलं होतं तसं. पण तुमच्यासारख्या माणसाची अशी झडती घ्यायची मला लाज वाटली.”

पत्रा लागला तेव्हा मी ओरडलो नव्हतो. हात भाजला तेव्हा कळलं नव्हतं. हे मात्र कळलं. आणि कुठे लागलं ते टिचकी मारून दाखवता येत नव्हतं.

“रिपोर्टावर माझी सही आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “क्लिनिकमध्ये विचारलं मला. मी सांगितलं, तपासण्यात माझं चुकलं.”

“माझं नाव का नाही सांगितलंत?”

“सांगून नस लवकर येणार होती का?”

सहा आठवडे भाजलेलं भरून यायला गेले. कंपनीने मला काढलं नाही, गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघायला. ज्यांना मी मोजे घाला म्हणून दम द्यायचो ते पास दाखवताना मोजे घातलेले हात माझ्या नाकासमोर नाचवायचे. व्हिसा संपायला आठ महिने होते. साहेब म्हणाला, तेवढे पुरे करा आणि मग खलास. आठ महिन्यांत हात आला तर आला, नाहीतर एसटी आणि खिसा.

बाईंनी मला विचारलं, “घरी सांगितलंय?”

“हाताचं बघा बाई, घरचं कशाला?”

“मी हाताचंच बोलतेय. तुम्ही व्यायामाला खाडा करता. दिवसातून पाच वेळा सांगितलं तर दोनदा करता आणि मला सात सांगता. तिथून कोणीतरी रोज विचारणारं हवं.”

“ती लांब गावाला. ती काय करणार?”

“नस काय जवळ आहे? मानेतून निघते आणि करंगळीत जगते. तिथून खबर येते, इथून पोच जाते. नुसती पाठवत राहिली आणि पोच आली नाही तर वाळते. काका, तुम्ही घरी नुसतं पाठवत आलात. तिकडून काही घेतलंत का कधी?”

मी उठलो, चपला घातल्या, आणि निघून आलो. माझ्या घरात काय चालतं ते मला रोल्लातल्या दुसऱ्या मजल्यावरून कळायची गरज नव्हती. दोन फेऱ्या बुडवल्या. तिसऱ्या दिवशी बायकोचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नेहमीसारखा डाव्या हाताने फोन धरला, आणि मग काय झालं कोण जाणे, उजवा हात समोर धरला.

तिने तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाली, “अवो, ह्या हातान्‌ जेवताव कसे?”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला सांगितलं, “जेवत नाही धड. चमच्याने जेवतो. डाव्या हाताने.”

“आणि माझ्याशी खोटा बोलताव?”

ती रडली, मग चिडली, आणि चिडल्यावर तिने जो कारभार हातात घेतला तो विचारू नका. दिवसातून पाच फोन. “हात तांदळात घातलाव? दाखवा. परात दाखवा. हां, आता बोटा सरळ करा. ती नाय, दुसरी.” खोलीतले म्हणायचे, “चाचा, हेडऑफिस का फोन.” मी गेटवर असलो तरी फोन यायचा. साहेबाला मी एवढा कधी घाबरलो नाही.

बाईंकडे परत गेलो तेव्हा त्यांनी न आलेल्या दोन दिवसांबद्दल काही विचारलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून वर रबरबँड लावलेला होता. डोळ्यांवर बांधायला स्वच्छ रुमाल माझ्या हातात दिला. “तुम्हीच बांधा.”

मी बांधला. काळोख. शांत.

थोड्या वेळाने मी म्हणालो, “हो.”



“हो,” मी परत म्हणालो.

“काका,” बाईंचा आवाज खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून आला, “मी अजून दोरा शोधतेय.”

आधी त्या हसल्या की मी, ते सांगता येणार नाही, माझ्या डोळ्यांवर रुमाल होता. पण त्या दिवसापासून मला एक नवा शब्द यायला लागला: “नाही.” कळलं का? नाही. आता? नाही. हा शब्द माझ्या तोंडात कधी नव्हता असं नाही, दुसऱ्यांना मी तो आयुष्यभर ऐकवला. स्वतःबद्दल म्हणायची वेळ पहिलीच. बाई प्रत्येक “नाही”वर वहीत खूण करायच्या आणि म्हणायच्या, “छान.” एवढ्या नापासांवर कोणी शाबासकी देताना मी बघितलं नव्हतं. चौथीत असं असतं तर मी पाचवीत गेलो असतो.

कधीकधी मधेच त्यांच्या मुलीचा फोन यायचा. बाई स्पीकर लावून माझी बोटं ताणत बोलायच्या. “जेवलीस का गं? डब्यात भाजी ठेवलीय.” तिकडून इंग्रजीत फडफड उत्तर. बाई मराठीत, ती इंग्रजीत, असं पाच मिनिटं. एकदा मी म्हणालो, “मराठीत नाही बोलत होय?” मला वाटलं, त्यांनी माझ्या घरचं काढलं होतं त्याचं उट्टं निघालं. बाई म्हणाल्या, “नाही बोलत. पण उत्तर देते ना. न देण्याच्या वयाची आहे.” मी पुढचं बोट ताणायला दिलं.

खिडकीतला बोल्ट भरला, दुसरा घेतला. ठिपका मनगट ओलांडून तळहातावर उतरला. चकत्याही आता नीट गोल निघायला लागल्या, डाव्या हाताच्या. आणि बाईंची एक दुसरी परीक्षा होती, ती कागदाची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत मी कागद धरायचा, आणि बाईंनी ओढायचा. इतके महिने कागद कसा जायचा, लोण्यातून केस जावा तसा. मी अंगठा वाकवून लबाडी करायचो, बाई म्हणायच्या, “अंगठा सरळ.” अंगठा सरळ केला की कागद त्यांच्या हातात.

एका सकाळी त्यांनी ओढला. मी धरला. त्यांनी जोर लावला. मी दात-ओठ खाल्ले. आणि कागद फाटला.

अर्धा त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. आम्ही दोघं आपापल्या तुकड्याकडे बघत बसलो. मी माझा हात उलटा करून बघितला, तर त्या खड्ड्यात, अंगठ्याच्या बाजूला, मांस थोडं उचललेलं. नखाएवढं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. “वेल पोचला, काका.” त्यांनी आपला अर्धा कागद वहीत ठेवला. मी माझा खिशात घातला. पुढे तो धुण्यात गेला, पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

व्हिसाच्या शेवटच्या आठवड्यात मी साहेबाकडून परवानगी काढून शेडमध्ये गेलो, आणि एक कोपरा बनवला. डक्ट जिथे वळतो तो तुकडा. पूर्वी मी दुपारच्या चहाआधी चार करायचो. हा एक करायला सकाळ गेली. मोजे घालून केला. सगळे भोवती उभे. पठाण म्हणाला, “माशाल्ला, चाचा.” मी निरखून बघितला. एका कडेला वाकडा होता. माझ्या हाताखालच्या माणसाने असा केला असता तर मी तो त्याच्या पायावर टाकला असता. मी म्हणालो, “चालेल.” हा शब्दही माझ्याकडे नवीनच.

बाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. नवऱ्याची बदली दुसऱ्या देशात झाली, महिन्याभरात त्यांनी घर आवरलं. शेवटच्या दिवशी मी बोल्ट दोन्ही दाखवायला नेले. त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं. मग पहिल्या बोल्टातली ती उंदराने कुरतडल्यासारखी सगळ्यात पहिली चकती काढली. “ही मला द्या.”

“मग माझा एक दिवस कमी भरेल.”

“मग एक दिवस जास्त थांबा.”

अजून करंगळीचं टोक राहिलं होतं. तिथे पोचायला नसेला चार-पाच महिने लागणार होते. बाईंनी शेवटचा ठिपका करंगळीच्या बुडाशी दिला आणि म्हणाल्या, “टोकाला पोचलं की मला खबर द्या. खरी.” मी म्हणालो, “इन्शाल्ला.” त्या म्हणाल्या, “इन्शाल्ला नको. खबर द्या.”

एवढं सगळं होऊन मला त्यांच्याशी धड काही बोलता आलं नाही. मी म्हणालो, “तिकडे थंडी असेल, स्वेटर घ्या.” दोन्ही बोल्ट घेऊन जिना उतरलो.

विमानतळावर बॅग मशिनमधून गेली तेव्हा माणसाने ते बोल्ट बाहेर काढायला लावले. “ये क्या है, चाचा?” मी म्हणालो, “मेरी नस है, साब.” त्याने माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि मला जाऊ दिलं. बहुतेक म्हाताऱ्याशी वाद नको म्हणून.

आता गावाला असतो. एसटीतून हात बाहेर ठेवूनच उतरलो. सकाळी उठून टिचक्या मारतो, कुठवर आलं ते बघतो, ठिपका देतो. चकती मात्र आता उजव्या हाताने कापतो. परवा बायकोला म्हटलं, झाडूचा बारीक हीर घे आणि करंगळीच्या टोकाला लाव. मी डोळ्यांवर पंचा बांधला. तिने हात उचलला, आणि तिच्या डझनभर बांगड्या खळखळल्या.

“थांब,” मी म्हणालो. “आधी बांगड्या वर सरकव.”

“का वो?”

“सरकव तू.”

तिने सरकवल्या. आवाज बंद झाला.

“आता कळला?”

“नाही.”

“आता?”

“नाही.”

बराच वेळ गेला. अंगणात कोंबडी फडफडली. मग टोकाला, अगदी नखाखाली, काहीतरी झालं. नक्की काय ते मला सांगता येत नव्हतं. मी घाई केली नाही. परत झालं.

“हो,” मी म्हणालो. “आता. हो ना?”

 पंचा सोडला तर ती हीर माझ्या करंगळीवर टेकवून बसली होती आणि मान हलवत होती.

मी फोन घेतला, बाईंच्या नंबरावर आवाज पाठवला. “बाई, टोकाला पोचलं. खरी खबर आहे.” नंबर जुना, अमिरातीचा. एकच टिक पडली. दुसरी अजून पडलेली नाही. बायको रोज विचारते, उत्तर आलं का. मी म्हणतो, घाई नको. मला काय, करंगळीच्या टोकाशी पोचायला चौदा महिने लागले.